ज्या खेळात वजन करत नाहीत

माझ्या एका विद्यार्थिनीचं खांद्याजवळचं हाड मोडलं, ते माझ्यामुळे. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत आलो की खेळ म्हटला की लागतंच. ते खोटं होतं. मैदानावर मी तिला ज्या जागेवर उभं केलं, त्या जागेचं अर्धंच काम तिला शिकवलं होतं. उरलेलं अर्धं तिचं अंगच करून टाकेल, असं मी धरून चाललो होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावच्या शाळेत मी खेळाचा शिक्षक आहे. मूळचा कबड्डीचा माणूस. शालेय कबड्डीत सामन्याआधी वजनं होतात. ठरलेल्या आकड्याच्या वर काटा गेला की खेळाडू बाहेर. ही मुलगी उंच, हाडापेरानं मोठी. तिच्या हातात घोटा सापडला तर चढाईवाली परत जायची नाही. पण दर वर्षी वजनात अडायची. मी तिला उन्हात स्वेटर घालून पळवलं, आदल्या संध्याकाळी जेवू दिलं नाही, पाणीसुद्धा घोट घोट दिलं. तरी काटा वरच. एकदा काट्यावरून उतरल्यावर तिनं विचारलं, "सर, आता डब्बा खाऊ काय?"

"खा," मी चिडून म्हणालो, "आता तुले कोण अडवते?"

ती एकटीच झाडाखाली बसून जेवली आणि दिवसभर बाकीच्यांच्या चपला-दप्तरं राखत राहिली. तेव्हा मला तिची दया आली नाही. गेलेल्या पकडीचं वाईट वाटलं.

मग आमच्याकडे रग्बी आली. चंद्रपूरला खेळशिक्षकांचं शिबिर झालं. अंड्यासारखा लांबट चेंडू, पास फक्त मागे द्यायचा, सात-सात जणींचे संघ. मी पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. प्रशिक्षक म्हणाले, "इथे वजन करत नाहीत." मला तिथल्या तिथे ती आठवली.

विंगर म्हणजे मैदानाच्या अगदी कडेला, रेषेलगत खेळणारी. चेंडू हातोहात फिरत शेवटी तिच्यापाशी येतो आणि तिनं तो पळवत नेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. प्रशिक्षकांनी सांगितलं की धिप्पाड विंगर समोरच्याला फोडून जातो, लहान चणीचा चुकवून जातो, दोन्ही चालतात. पण कडेची ती सगळी मोकळी जागा राखायची असते एकट्या विंगरलाच, म्हणून मोठ्या अंगाच्या खेळाडूला वळायला आणि पळत्याला पाडायला जास्त शिकवावं लागतं. हे मी ऐकलं असणार, कारण आज मला ते आठवतं. पण त्याच वेळी कुणीतरी मोबाइलवर एका महाकाय विंगरचा व्हिडिओ दाखवला. तीन जण अंगाला लोंबत होते आणि तो धावतच होता. मी गावी परतलो तो तेवढंच घेऊन.

शाळेचं मैदान लहान, म्हणून धान कापून झाल्यावर आम्ही मागच्या बांधीत, म्हणजे भाताच्या वावरात, सराव करायचो. कापलेल्या धानाचे खुंट पायाला टोचायचे. वावराच्या कडेचा धुरा, म्हणजे बांध, हीच आमची रेषा. त्या धुऱ्यालगत मी तिला उभी केली.

"सर, मी काय करू?"

"काईच नाई. चेंडू आला का सरळ धाव. जे आडवं येईल ते पडेल."

आणि खरंच पडायच्या. मुली ओरडायच्या, "ट्रॅक्टर आला, पळा वो!" तीही हसायची. कधी नव्हे ते तिचं नाव संघात पक्कं झालं होतं. ज्या तोंडानं मी तिला उपाशी राहायला सांगितलं, त्याच तोंडानं आता "अजून भात घे" म्हणत होतो. बाकीच्या मुलींना मी पळतीला पाडायचं शिकवत असे: खांदा मांडीवर, हातांची मिठी, डोकं मागच्या बाजूला. ती धुऱ्यावरून पाहायची. एकदा जवळ आली.

"सर, समोरची पळत आली त मी डोकं कुठी ठेवू?"

"तुले पाहूनच थांबेल ते," मी म्हणालो आणि शिटी फुंकली.

विभागाच्या स्पर्धेत पहिल्या डावात तिनं दोनदा चेंडू टेकवला. मी कडेला नाचत होतो. दुसऱ्या डावात समोरच्या संघानं तिच्या बाजूला एक चिमुरडी मुलगी आणली. ती आत वळल्यासारखं करायची आणि बाहेरून निघून जायची. एकदा गेली, परत गेली. त्यानंतर माझ्या विंगरनं स्वतःला तिच्यावर झोकून दिलं. हात लांब, डोकं पुढे, जसं सुचलं तसं. चिमुरडी निसटली आणि ही सगळं वजन घेऊन खांद्यावर आदळली.

सामना हरलो. दवाखान्यातून निघालो तेव्हा तिचा हात गळ्यात बांधलेला होता. जीपमध्ये संघातल्या सगळ्या मुली दाटीनं बसल्या होत्या. मी बोललो.

"एवढं अंग कोण्या कामाचं? एवढीशी पोरगी नाई अडवता आली?"

हाड जुळलं, पण ती पुन्हा बांधीत आली नाही. मी बोलवायलाही गेलो नाही.

गेल्या हिवाळ्यात मी आताच्या संघातल्या मुलींना ताडोब्याला घेऊन गेलो. मोहर्लीच्या गेटवर आमच्या गाडीत गाइड म्हणून चढली, ती तीच.

"सर! केस कुठी गेले तुमचे?"

मुली खिदळल्या. वाघ काही दिसला नाही. चितळं दिसली, पाणवठ्यावर गवा दिसला. मुली कंटाळल्या तसं तिनं त्यांना स्वतःची गोष्ट सांगायला घेतली.

"तुमचे सर मले विंगवर ठेवत. म्हैस सोडली होती त्याइनं हरणामागं! हरण गेलं निघून, म्हैस पडली तोंडावर. मी जाडी होती ना, माझ्याच पायी हारलो आमी."

सगळ्या हसल्या. संघातली एक थोराड मुलगी तेवढी गप्प बसली. आणि मला कळलं की जीपमधलं माझं वाक्य हिनं खरं धरलं होतं, इतकी वर्षं, हसत हसत.

गेटबाहेर आलो. टपरीवर सगळ्यांच्या हातात चहा होता.

"आत तू सांगितलं ते खोटं आहे," मी म्हणालो.

"कोणतं सर? म्हशीचं?"

"हो. पोरींनो, ऐका. हिच्या अंगामुळे आमी हारलो नाई. पळतीला कसं पाडायचं, डोकं कुठी ठेवायचं, हे हिनं मले विचारलं होतं. मी शिकवलंच नाई."

"जाऊ द्या ना सर," ती हळूच म्हणाली, "पोरी पाहून राह्यल्या."

"पाहू दे. मी बोललो तवाही पोरी पाहतच होत्या." मी हातातला चहा बाकावर ठेवला. "कबड्डीत तुले उपाशी ठेवलं, रग्बीत खा खा म्हणलं. दोन्ही वेळा मी तुझं वजनच पाहिलं, तुले खेळ शिकवला नाई. हाड मोडलं ते माझ्यामुळं. अन् जीपमध्ये बोललो ते त्याच्याहून वाईट होतं. माझं चुकलं. मले माफ कर."