खिडकीतलं ओलं धोतर

शेजारच्या मावशींचं आधी सांगते, मग बाकीचं. ऐन दुष्काळात त्यांनी आपल्या वाट्याची घागर माझ्या खिडकीवर ओतली.

माझं माहेर परंड्याकडचं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण तिथली विहीर आटली, म्हणून मी सासरी कळंबलाच राहिले. सातवीतून शाळा सुटलेली, गाव परकं, जीव सारखा घाबरा. बाहेर दिवसभर धुरळा उडायचा. सासूबाईंनी बाळंतिणीच्या खोलीच्या एकुलत्या खिडकीला पोतं ठोकलं, दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. आत दिवा मात्र विझू द्यायचा नाही. सोसायटीच्या दुकानात रॉकेल येईना, गोडेतेल दिसेना. मिळायच्या त्या मेणबत्त्या. एक संपायच्या आत तिच्यावर दुसरी पेटायची, भर दुपारीसुद्धा.

पोरगी दूध ओढता ओढता थांबायला लागली. बरगड्या आत जायच्या, घशात बारीक शिट्टी वाजायची. सासूबाई म्हणाल्या, "वारं लागलंय तिला. ती फट बुजव आणखी." मी बुजवली. शिट्टी वाढली. वर पत्र्यावरचा काळा डाग रोज रुंद होत होता.

मावशी बाळ बघायला आल्या अन् दारातच ठसकल्या. पदराचं टोक त्यांनी पोरीच्या नाकपुडीला लावलं. ते काळं निघालं.

"अगं बया! लेकराचं धुराडं केलंय व्हय? विझवा आधी ती मेणबत्ती."

सासूबाई उसळल्या. "बाळंतिणीचा दिवा विझवू? अन् धुरळा आत आला मग?"

"धुरळ्याचं मी बघते. दिवा न्या भायेर, देवापाशी. देवाला न्हाय दम लागत."

त्यांनी पोतं उपटलं. आमच्या ह्यांचं जुनं धोतर दुहेरी करून खिडकीला बांधलं, घरून घागर आणली अन् ते भिजवलं. ऊन ते पाणी लगेच पिऊन टाकायचं. त्या पुन्हा भिजवायच्या. दिवस कलेपर्यंत धोतर मातकट झालं होतं. शिट्टी बारीक झाली, थांबली मात्र नाही. मी तिच्या छातीला कान लावून बसले. भिंतीपलीकडं मावशींची लेकरं पाणी मागत होती, अन् टँकरचा पत्ता नव्हता.

आता मी लई लांब राहते. लेकीच्या घरात हवा गाळायचं यंत्र आहे. दम तिला अजून लागतो. वीज गेली की यंत्र थांबतं. कुणी मेणबत्ती शोधायला उठलं, तर मी म्हणते, बसा तसेच अंधारात. अन् कान पुन्हा तिच्या श्वासाकडं जातो.

मावशी, तुमच्या लेकरांच्या तोंडचं पाणी माझ्या पोरीच्या श्वासाला गेलंय. एक दिवस मी तुमच्या दारी येईन, अन् तुमच्या घरची घागर माझ्या हातानं काठोकाठ भरून ठेवीन.