बिनाइन म्हणजे काय?

सकाळी लेक मोबाइलवर इंग्रजी उच्चार ऐकत होती. ‘बिनाइन’ कानावर पडलं आणि मला बेळगावच्या दवाखान्यातला फिनेलचा वास आठवला.

आईच्या गळ्यातल्या गाठीचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर ‘बिनाइन’ एवढंच म्हणून घाईनं आत गेले. आई बाकावर बसून होती. आप्पांनी माझा दंड घट्ट धरला.

“काय म्हणलं गं? तू कॉलेजात इंग्लिश शिकतीस न्हवं?”

तो शब्द अर्थासकट मला पाठ होता, पण स्पेलिंगवरून वाचलेला, ‘बेनिग्न’ असा. त्यामुळं हा कुठला तरी भयंकर शब्द वाटला. मला रडूच फुटलं.

शेवटी नर्सबाई म्हणाल्या, “साधी गाठ हाय. कॅन्सर न्हाय.”

आप्पा मटकन बाकावर बसले. तेव्हा मला माझ्या इंग्रजीची लाज वाटली होती. आता वाटतं, आई किती घाबरली असेल! तरी तिनं आधी माझे डोळे पुसले.