रातांब्याच्या रसाची लढाई

सुनेनं आज अंगणात आमसुलं वाळत घातली आहेत. त्या आंबट वासानं आमच्या भाट्ये गावाच्या वरचा सडा, तो उघडा कातळमाळ, आठवला. मी तेव्हा दहा वर्षांची असेन.

त्या मे महिन्यात सड्यावर आम्ही पोरांनी एक दुनिया रचली होती. तिथला सूर्य विझलेला, नद्या आगीच्या, आणि दोन राज्यांची लढाई काही केल्या थांबत नव्हती. एका राज्याची राणी मी, दुसऱ्याचा राजा शेजारचा यशवंता. रातांब्याचा, म्हणजे आमसुलाच्या फळाचा, लाल रस अंगावर उडाला की माणूस मेला. चार दिवसांत आम्ही दोघंच उरलो. मेलेली पोरं काजूखाली बसून बसून रडकुंडीला आली. तेव्हा तह करायचं ठरलं, पण तो करतात कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणून आम्ही दादूकाकांकडे गेलो. जर्मन लढाईत ते आणि त्यांचा धाकटा भाऊ एकाच आगबोटीवर खलाशी होते. परत आले ते एकटे काका. ते पडवीत जाळं विणत बसले होते. तह कसा करायचा, ते आम्ही त्यांना विचारलं.

"तह झाला की काय व्हतं तुमच्यात?" त्यांनी विचारलं.

"मेलेले उठतात," यशवंता म्हणाला. "नियमच हाय तसा."

काकांचा हात थांबला. त्यांनी आमच्या लाल हातांकडे बघितलं.

"मग हितं कशाला उभी? पळा. आधी त्यांना उठवा."

आम्ही धावत सुटलो. मला तेव्हा एवढंच वाटलं, की काका आम्हांला कटवतायत.