कर्णेसरांचा कान

कर्णेसर वर्गाकडे पाठ करून शिकवत. अमरावतीच्या कॉलेजात ते आम्हाला भाषण, नाटक आणि रेडिओवरचं वाचन शिकवायचे. रेडिओ आमच्यापैकी कुणाच्याच घरी नव्हता आणि मायक्रोफोन कॉलेजातही नव्हता, म्हणून सरांनी जुन्या ग्रामोफोनचा कर्णा टेबलावर मांडला होता. एकेकानं त्याला तोंड लावून बातम्या वाचायच्या, आणि सर भिंतीकडे बघत ऐकायचे. त्यांचं हे नाव त्या कर्ण्यावरूनच पडलं.

कोण वाचतंय ते त्यांना पहिल्या शब्दालाच कळे. माझा वर्गमित्र दिगंबर एकदा नाक दाबून वाचू लागला. सर न वळता म्हणाले, "काऊन बे दिगंबर, सर्दी झाली का?" मुंबईला रेडिओवर बातम्या वाचून आलेले सर मूळचे दुसरबीड गावचे. रंगमंचावर त्यांची भाषा धुतल्यासारखी असे, पण खाली उतरले की गाव जिभेवर यायचं. म्हणायचे, "माणूस टोपी बदलते, नाव बदलते. आवाज नाही बदलवू शकत."

बेचाळीसच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही नाटक घेऊन मलकापूरला गेलो. एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात दोन प्रयोग होते. पहिल्या दिवशी पडदा उघडण्याआधी सरांनी प्रेक्षकांकडे पाठ करून आमचे आवाज ओळखून दाखवले. लोकांनी टाळ्यांनी आवार डोक्यावर घेतलं. पुढच्या रांगेत ठाणेदारही होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आणि मी कापसाच्या बाजारात चहा पीत होतो. जिनिंगच्या छपरावर नाटकाच्या जाहिरातीसाठी भोंगा बांधलेला होता. तो अचानक खरखरला आणि त्यातून बातम्या सुरू झाल्या. गोळीबार कुठे झाला, तुरुंगात कोण कोण गेलं, सगळं रेडिओवर वाचतात तसं संथ आणि स्वच्छ. गाड्यांवरची माणसं होती तिथेच थांबली. कैद झालेल्यांच्या यादीत दिगंबरच्या थोरल्या भावाचं नाव आलं आणि तेवढ्या एका नावाशी आवाज कापरा झाला.

सरांनी डोळे मिटले होते. कप खाली ठेवून ते म्हणाले, "चाल." बाकी काही विचारलं नाही. आवाज कुणाचा, ते मलाही सांगायची गरज नव्हती.

आम्ही पोचलो तेव्हा पोलिसांनी आवार घेरलं होतं, फाटकाशी गर्दी जमली होती. ठाणेदार शांतपणे म्हणाला, "प्रोफेसर, काल तुम्ही कमाल केली. आज तेच करा. पाठ फिरवा. पोरं वाचतील, तुम्ही नाव सांगा. आणि सकाळचा आवाज कोणाचा, तेही सांगा."

सर भिंतीकडे वळले. मी पहिला वाचायला उभा राहिलो. त्यांनी भलतंच नाव घेतलं. मला वाटलं, घाबरले असतील. पुढच्याचंही चुकलं. मग दिगंबर आला. त्याचं वाचून झालं. सरांनी माझं नाव घेतलं. गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

ठाणेदारानं ओठावर बोट ठेवून आपल्या एका शिपायाला पुढे केलं. शिपाई अडखळत वाचू लागला.

"हा दिगंबर," सर म्हणाले. "आणि साहेब, सकाळचा आवाज हाच वाटते मले."

गर्दी फुटलीच. लोक पोट धरून हसले, शिट्ट्या वाजल्या. "ढोंगी!" ठाणेदार ओरडला आणि शिपायांना घेऊन तणतणत निघून गेला. असल्या साक्षीवर तो कुणाला धरणार होता?

दिगंबर त्याच्या मागे धावू लागला. सरांनी त्याचं मनगट धरलं. "आता बोलशील त तूही जाशील अन् माह्यं केलेलंही जाईल. गप राह्य."

संध्याकाळचा प्रयोग लोकांनी हुर्यो करून बंद पाडला. मलकापूरची हकीकत आमच्या आधी अमरावतीला पोचली. ज्याचा कान गेला त्यानं आवाज काय शिकवायचा, असं म्हणून वर्ग बंद झाला. सरांनी एका शब्दानं खुलासा केला नाही. वळकटी उचलली आणि ते दुसरबीडला शेतीवर गेले.

स्वातंत्र्य आलं. नागपूरला रेडिओ सुरू झाला आणि दिगंबरला तिथे बातम्या वाचायचं काम मिळालं. पहिल्या सुट्टीत तो मला घेऊन दुसरबीडला निघाला. सरांना मलकापूरला न्यायचं, त्याच आवारात लोकांपुढे सगळं सांगायचं, असा त्याचा बेत होता.

सर त्या उन्हाळ्यातच वारले होते. सरांच्या पत्नी, काकू, अंगणात तुरी पाखडत होत्या. दिगंबरनं त्यांच्यापुढे बसून सगळं सांगितलं, भोंग्यापासून शिपायापर्यंत. काकूंच्या हातातलं सूप थांबलं.

"म्हणजे यांना ऐकू येत होतं?"

"सगळं येत होतं, काकू."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मग अगदी हळू, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाल्या, "मला वाटे कान गेला यांचा. इतकी वर्षं मी यांच्याशी ओरडूनच बोलत राह्यले."