आबांचा नॉम पेन्हमधला म्हाळ

मुरगूडच्या एसटी स्टँडवर आबा मला पोचवायला आले ते रुसूनच. शेतातल्या पाण्याच्या इंजिनांचा फिटर म्हणून मी कंबोडियाला निघालो होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि तो देश नेमका कुठे आहे हे गल्लीत कुणालाच धड ठाऊक नव्हतं, मलाही नाही. गाडी हलताना आबा खिडकीशी येऊन एवढंच म्हणाले, "जा की. पर माझ्या म्हाळाला तरी ये." मी हसलो. माणूस चांगला धडधाकट होता.

तीन वर्षांनी आबा गेले. दहाव्याला कसाबसा पोचलो, पण पुढच्या वर्षी पितृपक्षात रजा मिळेना. चुलतभावांनो, तुम्ही म्हाळ नीटच घातलात, तुमचे वडे माझ्यावाचून थोडेच अडले होते! पण एकुलत्या एका पोराच्या घशाखाली तिकडे घास उतरत नव्हता.

नॉम पेन्हमध्ये मी मिंग चांथूंच्या घरी भाड्याने राहायचो. मिंग म्हणजे मावशी. ख्मेर माणसंही आपल्यासारखीच, थोरांना नुसत्या नावाने हाक मारत नाहीत, नातं लावतात. माझं ताट तसंच राहिलेलं बघून त्यांनी कारण विचारलं. मोडक्या ख्मेरमध्ये सांगितलं, तर त्या बघतच राहिल्या. त्यांच्या पितरांचा पंधरवडाही हाच, भाद्रपदातला. प्चुम बेन म्हणतात त्याला.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मला विहारात घेऊन गेल्या. हातात तीळ घातलेल्या भाताचे गोळे. पितर सात विहारांत आपल्या माणसांना शोधतात, कुठेच घास मिळाला नाही तर उपाशी परततात, असं तिथे मानतात. मिंगच्या यजमानांना, सामनांगना, सत्तरच्या दशकातल्या राजवटीने नेलं होतं. शहरं रिकामी करून माणसांना शेतावर मरेस्तोवर राबवलं, ती वर्षं. ते कुठे गेले, कोणत्या दिवशी गेले, मिंगना कधीच कळलं नाही. भिक्खूंना द्यायच्या कागदावर त्यांनी यजमानांचं नाव लिहिलं आणि त्याखाली वळणदार ख्मेर अक्षरांत आबांचं. दोन्ही नावं मोठ्याने वाचली गेली. मी सगळ्यांदेखत रडलो.

आईला फोन केला. ती म्हणाली, "आरं, तुझा बा गडहिंग्लजच्या म्होरं कदी गेला न्हाई. तितं कसा पोचंल?"

सात ठिकाणी शोधत येतात म्हणे, मी म्हटलं.

"मग ईल. लई हट्टी हाय."

पुढे काही वर्षांनी मी कायमचा परतलो. आता गावात वर्कशॉप आहे. चिडलो की तोंडातून ख्मेर शब्द निघतात आणि पोरं हसतात. मिंगच्या हातच्या भाताची आठवण आली की मात्र मला करमत नाही.

परतल्यावरच्या पहिल्या म्हाळाला छपरावर आबांचं पान ठेवलं. आईने शेजारी दुसरं पान मांडलं, वडे, खीर सगळं वाढून.

"त्या मावशीच्या मालकाचं नाव काय म्हनलास?"

सांगितलं. तिने ते दोनदा घोकलं, डोईवरचा पदर सारखा केला आणि आभाळाकडे बघून हाक मारली, "सामनांग दाजी, या जेवायला. आता आनि कुटं हुडकत फिरू नगासा."