हिरव्या बटणाची जागा

सकाळी दवाखान्याचा नंबर लावायला मोबाईल उघडला आणि माझं बोट रिकाम्या जागेवर जाऊन टेकलं. खाली कोपऱ्यात हिरवं बटण असायचं, ते तिथं नव्हतं. दवाखान्याची साइट बदलली होती.

स्वयंपाकघरातले डबे कुणी हलवले की हात असाच जुन्या जागी जातो. मीठ कुठं आहे हे डोक्यापेक्षा हाताला जास्त ठाऊक असतं. मी चौथी शिकलेली. साइटवरची भाषा मला कळत नाही, म्हणून वहीत पेनानं पडद्याचं चित्र काढून ठेवलं होतं, आधी कुठं दाबायचं आणि मग कुठं. ते चित्र आज फुकट गेलं.

"आई, द्या इकडे, मी लावते," सून म्हणाली.

"आणि तू माहेरी गेलीस की माझे गुडघे दुखायचे थांबतील का?"

"ते लोक सारखं बदलतच राहणार. किती चित्रं काढाल?"

"ते बदलतील तितकी."

बदलणाऱ्यांवर माझा राग नाही. सासूबाईंचं स्वयंपाकघर हातात आल्यावर मीही आधी सगळे डबे हलवले होते. त्या दोन दिवस हिंग शोधत होत्या आणि मी गालात हसत होते. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. शोधून काढला.

मला अर्धा तास लागला. बटण वर गेलं होतं आणि निळं झालं होतं. नंबर लागला. मग वहीचं कोरं पान उघडून नवं चित्र काढलं, या वेळी पेन्सिलीनं.