विहिरीपासून चाळीस पावलं

म्हातारीनं वहीला कपाळ टेकवलं, मागं सरून बसली, आणि मी खोटं वाचायला लागले. बोट ओळीवर ठेवलं, ओळीबरोबर सरकवलं, मध्ये थांबलेसुद्धा. त्या पानावरचं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलींना नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण काही नाही. सांगते आहे.

लोणावळ्याच्या बाजारात आमचं वाचनालय होतं. एक खोली, दोन कपाटं, एक लांब बाक. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. मी तिथं झाडलोट करायची आणि मंगळवारी दुपारी बायकांना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. चौथी पास होते, एवढंच. पण येणाऱ्या बायकांत वाचता येणारी मी एकटी. त्या मला मास्तरीण म्हणायच्या. मला ते आवडायचं — फार आवडायचं.

दुसऱ्या कपाटात गुरुजींची वही होती. गुरुजी म्हणजे वाचनालय सुरू करणारे शिक्षक. तोवर ते वारले होते. धरणाचं पाणी चढायच्या आधी ते मावळातल्या एका बुडणाऱ्या वाडीत जाऊन राहिले आणि घरोघरची माणसं बोलतील ते उतरवून घेतलं. सगळं मोडीत. शाळेत मुलांना मोडी शिकवत, आम्हा मुलींना नुसती छापील बाळबोध. दर आठवड्याला मी ती वही फडक्यानं पुसायची. उघडली की आत रेघाच रेघा, एकीत एक अडकलेल्या.

चिमाबाई त्या वाडीची. वाडी उठल्यावर वर डोंगरात राहायला गेलेली. पहाटे निघून ती चालत आली होती. दारातल्या रांजणावर हातपाय धुतले, मग आत आली.

"पानी लय खाली गेलंय औंदा," ती म्हणाली. "हीर दिसाया लागली. माजी पोर तितंच हाय."

पोर बारा दिवसांची होऊन गेली होती. चिमाबाई तेव्हा तापानं बेशुद्ध. नवऱ्यानं एकट्यानं पुरली. पुढं महिन्याभरात वाडी उठली. पाण्याखालची जागा विचारून करायचं काय, म्हणून तिनं कधी विचारलं नाही, आणि मग नवराही गेला. पण जाण्याआधी त्यानं ती जागा गुरुजींना सांगितली होती, एवढं तिला ठाऊक होतं.

"मास्तरांनी लिवलंय. वाच बाई. पानी चढायच्या आत एक धोंडा ठेवून येते."

एक वाक्य पुरलं असतं. मावशी, ही मोडी आहे, संध्याकाळी इथं वकील येतात, ते वाचतील. ती थांबली असती. इतकी वर्षं थांबलीच होती की.

बाकावर तिघी बसल्या होत्या. त्यातली गोदाताई, स्टेशनातल्या कारकुनाची बायको, म्हणाली, "काय मास्तरीणबाई, अक्षरं रुसली का?" दोघी हसल्या. एवढंच झालं. एवढ्यावर मी मधलंच एक पान उघडलं आणि वाचलं — "विहिरीपासून उगवतीला चाळीस पावलं."

विहीर तिनंच सांगितली होती. चाळीस कुठून आले, मला आजही माहीत नाही.

तिनं ते शब्द माझ्यामागून दोनदा म्हटले. गोदाताईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. कागदावरचा शब्द माणूस असा ऐकतं, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं. आणि तो शब्द माझा होता.

त्या पावसाळ्यात मी मोडी शिकले. वकिलांच्या म्हाताऱ्या कारकुनाकडून. मनाला चैन नव्हतं म्हणून शिकले, दुसरं काही नाही. चार महिन्यांनी वही उघडली — आणि काय सांगू? एकतीस घरं. कुणाच्या ओट्यावर कुठला दगड, कुणाचा फणस कुणाच्या आजोबांनी लावलेला, बांधावरून दोन भावांचं भांडण, बैलांची नावं, जात्यावर कोण कुठली ओवी म्हणायची. आख्खं गाव पाण्याखाली, आणि इथं कपाटात कोरडं ठणठणीत उभं. वाचताना मी मोठ्यानं श्वासही घेतला नाही. एका माणसानं बसून एवढं केलं होतं, आणि मी त्यावर फडकं मारत होते.

विसाव्या घरात ती ओळ होती. चिमाबाईचा नवरा बोलला तसंच गुरुजींनी लिहिलेलं. "चिमीची पोर, बारा दिसांची, नाव न्हाई. वढ्यापल्याड, देवळामागं, उंबराच्या मुळाशी. ती उठली की दावीन."

विहीर ओढ्याच्या अलीकडं. तेही वहीत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात चिमाबाई आली. पळसाच्या द्रोणात करवंदं आणली होती. "घावली बाई," म्हणाली. "धोंडा ठेवला. सुनांनी हळदकुकू वाहिलं." देवळाचं जोतंही औंदा उघडं पडलंय, हे तिनं आपण होऊन सांगितलं. मी कपाटापाशी उभी होते. वही हाताच्या अंतरावर. आणखी एक वाक्य पुरलं असतं, आणि जागा अजून कोरडी होती.

मी करवंदं खाल्ली. गोड होती.

ती रागावेल असं वाटलं का? नाही. ती मला एका शब्दानंही बोलली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं. मला बाकावरच्या बायकांचं भय होतं. मास्तरीण म्हणणं बंद झालं असतं.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात पाणी तेवढं खाली जायचं, आणि चिमाबाई तिथं जायची. अकरा उन्हाळे. भाकरी बांधून न्यायची, धोंड्यापाशी दिवसभर बसायची, पोरीशी बोलायची. त्या मातीत कुणी नव्हतं.

मग ती वारली. गोदाताई वारली, बाकावरच्या त्या दोघीही गेल्या. मी आहे.